गंगाभाऊ कुणी नव्हता

भाद्रपदाची पौर्णिमा उलटली की धारच्या बाजारात संझा, माळव्यातल्या मुली पितृपक्षात भिंतीवर मांडतात ती, विकायला येते. छापील, गुळगुळीत कागदावरची. चांद-सूरज, पंखा, नगारा, मोर, सगळं एकाच पानात बसवलेलं. भिंतीला चिकटवा, पंधरा दिवस आरती करा, अमावस्येला काढून टाका. शेण नको, गुलबासाची फुलं नकोत. मी दरवर्षी एक घेतो आणि कपाटावर ठेवून देतो. घरात संझा मांडायच्या वयाची मुलगी उरलेली नाही. माझी गार्गी कॉलेजात जाते. तरी घेतो. या पंधरवड्यात माझे हात आपोआप कागद चाचपतात.

यंदा नेमक्या याच दिवसांत धारला जुन्या कागदी चित्रांचं प्रदर्शन लागलं. कातरलेल्या आणि चिकटवलेल्या कागदांची चित्रं. हल्ली त्यांना कोलाज म्हणतात. एका लहानशा खासगी संग्रहालयानं मांडलेलं, दारावर हिंदीत फलक: माळव्यातल्या आधुनिक कलेची पहाट. आतली एक अख्खी भिंत एकाच हातच्या तेवीस चित्रांची. खाली पाटी: ‘गंगाभाऊ, दरबारी चित्रकार, देवास.’

देवासला या नावाचा चित्रकार कधीच नव्हता. तो मी जन्माला घातला, एका शब्दानं. ती चित्रं माझ्या आत्याची आहेत, वडिलांच्या थोरल्या बहिणीची, आणि ते मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही देवासचं घर विकण्यासाठी रिकामं केलं. आत्याची पत्र्याची ट्रंक निघाली. जुन्या पंचांगांच्या मध्ये एकेक चित्र ठेवलेलं, कसर नाही, डाग नाही. खळ शिजवताना आत्या त्यात मोरचुदाचा खडा टाकायची, म्हणून किडा फिरकला नव्हता. संग्रहालयातली निधी नावाची मुलगी चित्रं बघायला आली. हुशार, नम्र, घरी हिंदी बोलणारी. प्रत्येक चित्राच्या उजव्या कोपऱ्यात नखाएवढा कागदाचा तुकडा चिकटवलेला होता आणि त्यावर दोन अक्षरं होती: गं. भा.

‘सर, ये इनका नाम होगा न? गंगा… भाऊ? आप लोगों में भाऊ होता है.’

मी म्हटलं, ‘हां, होंगे.’

‘दरबार में थे? कागज़ पर मोहर लगी है.’

‘दरबारशी आमचा पुराना संबंध है,’ मी मराठी-हिंदीची खिचडी करत म्हणालो. हे खोटं नव्हतं. आजोबा देवास दरबारच्या थोरल्या पातीच्या दफ्तरात कारकून होते. खऱ्याचा एक तुकडा कातरून मी खोट्यावर चिकटवला. आमच्या घरात कातरकाम असंही चालतं.

का बोललो तसं? कारणं पुष्कळ रचता येतात, त्यातली दोनच खरी आहेत. एक, त्या अनोळखी मुलीसमोर ‘विधवा’ हा शब्द तोंडातून निघेना. दोन, ‘दरबारी चित्रकार’ ऐकून छाती फुगली. मी शाळेत गणित शिकवतो, आधी अमझेऱ्याला, आता धारला. आमच्याकडे असं कुणी होतं हे ऐकायला गोड वाटलं. दोन्ही कारणं भिकार आहेत.

आता गं. भा. म्हणजे काय, हे आमच्या इकडच्या मुलांना सांगावंच लागतं. कुमारिकेच्या नावाआधी कु., सधवेच्या नावाआधी सौ., आणि नवरा गेलेल्या बाईच्या नावाआधी गंगा भागीरथी. पत्र लिहिणाऱ्याला तो मान वाटे. आत्याला चौदाव्या वर्षी हा मान मिळाला. सासर नेमावरचं. लग्नात ठकूची रमा झाली, दीड वर्षात नवरा तापानं गेला, आणि ती देवासला परत आली ती कायमची. आत्या म्हणायची, ‘नेमावरला दाराशी नर्मदा होती रे. तरी मला गंगा भागीरथी केलं. नदीसुद्धा धड जागची दिली नाही.’

आणि हसायची. पदर तोंडाशी न धरता हसायची, ते माझ्या आईला आवडत नसे.

देवासचे ते दिवस आठवतात ते पांढऱ्या ढगांचे, ओसरत्या पावसाचे. टेकडी हिरवीगार झालेली. संध्याकाळी गल्लीतल्या मुली आमच्या ओसरीवर यायच्या. ओसरीची भिंत संझेची. शेणाच्या बोटभर जाड रेघा, त्यांवर गुलबास, कण्हेर, तेरड्याच्या पाकळ्या. रोज नवी आकृती: आज पंखा, उद्या बीजोरा, परवा पाच कुंवारे, आणि शेवटी किलाकोट, म्हणजे तटबंदीचा मोठा किल्ला. मराठी मुली, माळवी मुली, सगळ्या एकत्र. गाणी माळवी, प्रसाद ज्याच्या त्याच्या घरचा. ओल्या शेणाचा आणि तेरड्याचा मिळून एक वास असतो, तो मला आज बाटलीत भरून कुणी दिला तर मी तोंडाला लावीन.

आत्यानं त्या भिंतीला हात लावायचा नव्हता. तसं कुणी सांगत नसे, तसं होतं. ती उंबऱ्याच्या आत बसायची आणि कातर चालवायची. काडेपेटीवरची वाघ-हत्तीची चित्रं, कापडाच्या तागावर चिकटवून येणारी रंगीत लेबलं, पतंगाचा कागद, चमकी पन्नी, लग्नाच्या पत्रिकांच्या किनारी. कागद गोल फिरायचा, कातर जागची हलायची नाही. मुली तुकडे उचलून नेऊन किलाकोटावर लावायच्या.

‘आत्याबाई, हत्ती उलटा झाला.’

‘असू दे. माहेरी निघालाय.’

अमावस्येला सगळं खरवडून टोपलीत भरून तळ्यावर जायचं. मुली रडवेल्या व्हायच्या. दुसऱ्या दिवसापासून आत्याचं सुरू. जुन्या वह्यांचे पुठ्ठे घेऊन ती स्वतःची संझा मांडायची. ती कुणी तळ्यावर नेणार नव्हतं. पाण्यात जाणारं काम तिनं पंधरा दिवस दुसऱ्यांसाठी केलं आणि राहणारं काम वर्षभर स्वतःसाठी. हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटायचं, रिकामा वेळ आहे म्हातारीला.

देवासला एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या कडेला एकाचा अंमल, त्या कडेला दुसऱ्याचा. आजोबांमुळे थोरल्या पातीची रद्दी घरात यायची आणि शेजाऱ्यांकडून धाकट्या पातीची. आत्याच्या एका चित्रात दोन्ही दरबारांच्या मोहरा कापून बैलगाडीची दोन चाकं केली आहेत. गाडीत एक बाई मागे तोंड करून बसली आहे. प्रदर्शनात त्याखाली लिहिलं आहे, ‘दोनों राज्यों की एकता का प्रतीक.’ मी एकदा आत्याला विचारलं होतं, मोहराच का लावल्यास? ती म्हणाली, ‘दोन्ही सारख्या मापाच्या निघाल्या. चाकं लहानमोठी असली तर गाडी चालेल का?’

आणि सही. ती सही तिनं कधी लिहिली नाही. नेमावरहून वर्षाकाठी एखाददुसरं पत्र यायचं, तिच्या दिरांचं, पुढे त्यांच्या मुलाचं. वर मायना असे: गं. भा. रमाबाई यांस. पत्र वाचून झालं की आत्या कातर उचलायची, ‘गं. भा.’ तेवढं कापून घ्यायची आणि बाकीचं पत्र, रमाबाईंसकट, चुलीत. ते दोन अक्षरांचे तुकडे तिच्या सह्या होत्या. चित्र पुरं झालं आणि तुकडा शिल्लक नसला तर ते तसंच पडून राहायचं. ‘नेमावरचं पत्र आलं का रे? माझं चित्र अडलंय,’ ती पोस्टमनच्या वेळेला विचारायची. आईला वाटे, बिचारीला सासरची ओढ आहे.

‘तू नाव का नाही लावत?’ मी विचारलं होतं.

‘कुठलं? ठकू सासरी चाललं नाही. रमा म्हणून हाक मारणारा दीड वर्षात गेला. हे मात्र सगळ्या गावानं मिळून दिलंय. गावानं दिलेलं टाकू नये, वापरावं.’

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. निधीसमोर बोललो ते माझं दुसरं खोटं. पहिलं त्याच्या आधी कितीतरी वर्षांचं आहे.

मी एकोणीस वर्षांचा होतो, मिशा आलेल्या होत्या. लहान होतो असं म्हणायची सोय नाही. ताईचं लग्न होतं. रुखवतात मांडायला आत्यानं चार महिने खपून देवासची टेकडी केली. खालपासून वरपर्यंत पायऱ्या, प्रत्येक पायरी वेगळ्या लग्नपत्रिकेच्या किनारीची. गावातली सगळी लग्नं त्या पायऱ्यांत होती, असं ती म्हणाली. त्या एका चित्रावर सही नव्हती. लग्नाचं काम म्हणून तिनं स्वतःहून सोडली होती. कार्याच्या सकाळी काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाली, विधवेच्या हातचं रुखवतात ठेवलंय हे तिकडच्यांना कळलं तर अपशकुन मानतील. तेवढ्यात ताईची होणारी सासू टेबलाशी आली.

‘कुणी केलंय हो हे? नजर ठरत नाही.’

मी म्हणालो, ‘इंदूरहून मागवलं.’

आत्या स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत बसली होती. चार हातांवर. तिनं सूप पाखडलं आणि म्हणाली, ‘इंदूरचं काम बरं असतं हो.’

त्यानंतर ती दोन वर्षं होती. त्या दोन वर्षांत तिनं मला एकदाही रागानं विचारलं नाही. फक्त मी इंदूरला निघालो की म्हणायची, ‘कोण करतं ते विचारून ये रे. शिकून घ्यावं म्हणते.’ मी हसायचो, कारण दुसरं काही करायची माझी हिंमत नव्हती. ती गेली तेव्हा मी परीक्षेला इंदुरातच होतो.

टेकडी आजही ताईच्या देवासच्या घरात सोफ्याच्या मागे टांगलेली आहे. पाहुण्यांना ती इंदूरची म्हणूनच दाखवली जाते.

प्रदर्शन सुरू झालं तेव्हा मी गार्गीला घेऊन गेलो. बढाई मारायलाच गेलो होतो, हेही लिहून ठेवतो. ती पाटीसमोर उभी राहिली, मग चित्राच्या कोपऱ्यात वाकून अडखळत वाचलं. तिची शाळा हिंदी, मराठी वाचताना ती अजून बोट ठेवते. ‘गं… भा… बाबा, हे गंगाभाऊ आपले कोण लागायचे? पणजोबांचे भाऊ?’

मी तिला पुढच्या चित्रापाशी नेलं. माझ्या मुलीच्या डोक्यात एक पुरुष जाऊन बसत होता, पागोटं घातलेला, दरबारात खाली मान घालून चित्रं काढणारा, आणि त्याला जागा व्हावी म्हणून उंबऱ्याच्या आत बसलेली बाई आणखी एकदा उठून जात होती.

चार दिवसांनी घरी महालय होता. पितरांची नावं घेताना गुरुजी क्रमानं विचारत गेले. पिता, पितामह, काका, मामा. मग म्हणाले, ‘पितृभगिनी? आत्या कुणी?’ वडिलांच्या अक्षरातली यादी माझ्यासमोर होती. त्यात ‘रमा’ लिहिलेलं, पुढे नेमावरच्यांचं गोत्र. मी म्हणालो, ‘ठकू.’

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. ‘यादीत रमा दिसतंय.’

‘यादी चुकली आहे.’

त्यांनी ठकू म्हटलं. पाणी सोडलं. मंत्र अडला नाही, छप्पर कोसळलं नाही. तेवढ्यावर थांबता आलं असतं. घरातल्या घरात, पितरांपुरती दुरुस्ती झाली असती. पण खोटं चारचौघांत बोललो होतो, आणि खरं तांब्यात बोलून ते फिटणार नव्हतं.

त्याच दुपारी आधी गार्गीला आणि मग निधीला सगळं सांगितलं.  निधी म्हणाली, ‘सर, आपने तब क्यों नहीं बताया?’

‘शर्म आली.’

‘किस बात की?’



तिनं मला संचालकांपुढे नेलं. ते सभ्य गृहस्थ. म्हणाले, कॅटलॉग छापून झालं आहे, पुढच्या आवृत्तीत बघू. मग समजावणीच्या सुरात, ‘देखिए, विधवा लिख देंगे तो लोग दया करेंगे. कला पीछे रह जाएगी. गंगाभाऊ को लोग कलाकार की तरह देखते हैं.’

त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. म्हणूनच मला राग आला. लोक काय बघतील या धाकात आमच्या घरानं एका बाईला जन्मभर आत बसवलं, आता तोच धाक पाटीवरही पाळायचा? आणि दया कसली? लोकांनी कपाळावर मारलेला शिक्का जी कातरून काढते आणि आपल्या कामाखाली सही म्हणून डकवते, तिची दया करण्याइतकं उंच कोण आहे इथे?

संध्याकाळी ताईचा फोन आला. तिला गार्गीकडून कळलं होतं.

‘तुला या वयात काय भिकेचे डोहाळे लागलेत? घराण्याचं नाव होतंय ते होऊ दे नं.’

‘घराण्याचं होतंय, तिचं नाही.’

‘आणि माझ्या सासूबाई? नव्वदीच्या आहेत. गंगाभाऊ गेला की टेकडीपण येईल मधे. इतकी वर्षं इंदूरचं म्हणून सांगितलंय मी. आता सांगू, माझ्या भावानं थाप मारली होती?’

‘हो. तसंच सांग. माझं नाव घेऊन सांग.’

तिनं फोन ठेवला. अजून तिनं उचललेला नाही. मी तिला दोष देत नाही, पण माघारही घेत नाही. आत्या होती तोवर मी सगळ्यांचं मन राखलं, एक तिचं सोडून.

प्रदर्शनाचा शेवटचा आठवडा उरला होता. मी शाळेत रजा टाकली आणि अकराला जाऊन त्या पाटीशेजारी उभा राहिलो. कुणी आलं की सांगायचं, ‘गंगाभाऊ कोई नहीं था. ये मेरी बुआ का काम है. ये दो अक्षर नाम नहीं हैं.’ मराठी कुणी असलं तर मराठीत. आधी जीभ जड झाली. विधवा हा शब्द पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला तेव्हा माझाच आवाज मला परका वाटला. दहाव्यांदा म्हटल्यावर तो इतर शब्दांसारखा झाला. काहींनी ऐकून मान हलवली, काहींनी वेडा समजून पुढचं चित्र गाठलं. एक शाळेची सहल आली. एका मुलीनं विचारलं, ‘उनके पास फेविकॉल था?’ मी खळीची कृती सांगितली, मोरचुदासकट, आणि मोरचूद विषारी असतं म्हणून घरी करू नका हेही सांगितलं. शेवटी मास्तरच.

तिथले चौकीदार मांगीलाल पहिल्या दिवशी संशयानं बघत होते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘कंई भिया, आज फेर?’ तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचं स्टूल आणून दिलं. ‘बैठी जाओ. बुआजी कंई भागी नी जावे.’ मी बसलो नाही. चौथ्या दिवशी मी चहाला गेलो आणि परत आलो तर मांगीलालच एका जोडप्याला सांगत होते, ‘भाऊ-वाऊ कोनी, साब. बुआजी हे.’

त्याच दुपारी निधी लॅपटॉप घेऊन आली. संचालकांनी काय म्हटलं, तिनं काय सांगितलं, मी विचारलं नाही. ती माझ्यासाठी आणलेल्या स्टुलावर बसली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पहिल्या चित्राची नोंद उघडली.

‘बोलिए सर. कलाकार का नाम?’

‘ठकू.’

‘आगे?’

‘आगे कुछ नहीं.’

‘और गं. भा.?’

‘वो हस्ताक्षर है. वैसा ही लिखो. और अर्थ भी लिखो, पूरा. मी सांगतो.’ मी सांगितलं, तिनं लिहून घेतलं. विधवा शब्दाशी तिची बोटं थांबली नाहीत. मग ‘पुरुष’ होतं तिथे तिनं ‘महिला’ केलं. एक टिचकी. गंगाभाऊ गेला. त्याचं सुतक पाळायचं मला काही कारण नव्हतं.

‘पेशा? दरबारी चित्रकार हटा दूं?’

‘दरबारी काढ. चित्रकार राहू दे.’

पुढचा रकाना होता ‘पिता/पति का नाम’. तिथे आधी काही भरलेलंच नव्हतं. पुरुषाच्या नोंदीत तो रकाना उघडत नसे. ‘महिला’ केल्याबरोबर तो लाल झाला.

‘सर, ये खाली नहीं छोड़ सकते. सिस्टम आगे नहीं जाएगा. पति का डालूं या पिता का?’

मला दोघांची नावं ठाऊक होती. माझे आजोबा होते ते, आणि तो दुसरा नेमावरचा बिचारा, वीस वर्षांचाही नव्हता. दोघांशी माझं भांडण नाही.

‘काही नको.’

‘कुछ तो डालना पड़ेगा.’

‘तर मग लिही, लागू नहीं.’

निधीनं माझ्याकडे पाहिलं, मग लिहिलं: लागू नहीं. बटण दाबलं. लाल रंग गेला, नोंद मान्य झाली.

‘हो गया,’ ती म्हणाली. भिंतीवर अजून बावीस चित्रं होती.

‘अगला,’ मी म्हणालो.